अर्ज भरण्याआधीची निवड : आजऱ्यातून दिसणारा प्रवेशाचा प्रश्न

प्रश्न नेमका कुठे आहे

दहावीच्या निकालात कोल्हापूर विभाग बहुतेक वर्षी कोकणाच्या पाठोपाठ दुसरा येतो. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, कोल्हापूर विभागाचा ९७.४५. आजरा हा याच विभागातला, सह्याद्रीच्या कडेचा, धुवाधार पावसाचा आणि विखुरलेल्या वाड्यावस्त्यांचा तालुका. अशा भागातली मुले दहावीतच अडकतात म्हणून पुढे मागे पडतात, असे म्हणायला हे आकडे जागा ठेवत नाहीत. मुले पास होतात, चांगल्या गुणांनी होतात. तरीही पुढे कोण मेडिकलला, कोण इंजिनिअरिंगला, कोण जवळच्या महाविद्यालयात कला शाखेला आणि कोण थेट मुंबई-पुण्याच्या नोकरीला, याची वाटणी गुणांच्या वाटणीशी जुळत नाही. सारख्या टक्केवारीची दोन मुले, एक कोल्हापूर शहरातले आणि दुसरे उत्तूरच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतले, वेगवेगळ्या याद्या समोर ठेवून निर्णय घेतात.

शाळेची पार्श्वभूमी आणि घरची ऐपत यांचा प्रवेशावर होणारा परिणाम हा महाराष्ट्रात गेली चाळीसेक वर्षे वादाचा विषय आहे. हा वाद मुख्यतः निकषाभोवती फिरला. बोर्डाचे गुण धरायचे की सीईटीचे, परीक्षा राज्याची असावी की देशाची, प्रदेशानुसार वाटा ठेवायचा की नाही, असे त्याचे स्वरूप राहिले. प्रत्येक बाजूकडे खरी कारणे आहेत आणि ती पुढे मांडली आहेत. पण सारा पुरावा समोर ठेवल्यावर मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. शाळेचा सर्वांत मोठा परिणाम निकष लावण्याच्या आधी होऊन गेलेला असतो. मूल कोणती शाखा घेते, कोणत्या परीक्षेला बसते आणि पसंतीक्रमात कोणती महाविद्यालये लिहिते, हे ठरतानाच चाळणी लागलेली असते. आपल्या धोरणाने त्या टप्प्याकडे सर्वांत कमी पाहिले आहे.

वसतिगृहापासून सीईटीपर्यंत

कोल्हापूर संस्थानात हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी वेगळ्या रूपात उभा राहिला होता. राजाराम कॉलेज १८८० पासून होते, पण खेड्यातल्या मुलाला त्याचा उपयोग नव्हता, कारण शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा त्याचा पहिला प्रश्न होता. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली. १९०२ मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखल्या गेल्या, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. या क्रमाकडे लक्ष द्यायला हवे. राहण्याची सोय, पुढची संधी आणि पायाचे शिक्षण ही एकाच प्रश्नाची तीन अंगे मानली गेली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनेही १९१९ पासून हाच धागा धरला.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार करणारा माणूस आजरा तालुक्यातलाच होता. जे. पी. नाईक यांचा जन्म १९०७ मध्ये बहिरेवाडीत झाला. ते १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. परिसरातली सगळी मुले एकाच शाळेत शिकावीत, ही 'समान शाळा' पद्धतीची शिफारस त्या आयोगाची. साध्या शाळांतली हुशार मुले नामांकित शाळांच्या स्पर्धेत बुजून जाऊ नयेत म्हणून शाळांचे गट पाडून गटवार शिष्यवृत्त्या द्याव्यात, हा विचारही तिथे मांडला गेला. समता, गुणवत्ता आणि संख्या हा हाती न लागणारा त्रिकोण आहे, अशी मांडणी नाईकांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात केली. आज प्रवेशाच्या वादात वापरले जाणारे बहुतेक युक्तिवाद या त्रिकोणाच्या कुठल्या ना कुठल्या बाजूवर उभे असतात.

समान शाळा आली नाही. संख्या मात्र वाढली. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाले आणि पदवीचे शिक्षण हळूहळू गडहिंग्लज, गारगोटी, आजरा अशा गावांपर्यंत पोचले. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, आणि आयुष्याची वाट ठरवणारा फाटा सोळाव्या वर्षावर आला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा भरपूर झाल्या, पण त्यांना फीची किंमत लागली.

यानंतरचा इतिहास निकषांच्या फेरबदलाचा आहे. बारावीच्या गुणांवर होणारे वैद्यकीय प्रवेश नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि अभियांत्रिकीचे २००४ पासून सीईटीकडे गेले. अकरावीसाठी वेगवेगळ्या बोर्डांची मुले एका यादीत कशी बसवायची, यावर २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणि २००९ मध्ये नव्वद-दहाचा कोटा असे दोन प्रयत्न झाले. उच्च न्यायालयात दोन्ही टिकले नाहीत. सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचा २०१० चा 'बेस्ट फाइव्ह' निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे टिकला. २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे अभियांत्रिकीसाठी जेईई मेन वापरून पाहिली, मग पुन्हा राज्याची सीईटी आली. वैद्यकीयसाठी नीट कायम झाली. तिथला सत्तर-तीसचा प्रादेशिक वाटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. २०२५-२६ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मोठ्या शहरांपुरता न राहता सगळ्या राज्याला लागू झाला.

तीन बाजू

पहिली बाजू सामाईक परीक्षेची. शाळा वेगळ्या, बोर्डे वेगळी, गुण देण्याचा हात कुठे सैल तर कुठे आवळलेला, अशा वेळी सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देणे हाच न्याय, असे ती म्हणते. हा युक्तिवाद हलका नाही. तोंडी आणि अंतर्गत गुणांत शाळेचा हात किती सढळ आहे, यावर मुलाचे भवितव्य ठरू नये, ही अपेक्षा रास्त आहे. देणग्या आणि वशिला यांना आळा घालण्यातही सामाईक परीक्षा आणि केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांचा वाटा मोठा आहे. खेड्यातल्या, ओळखीपाळखी नसलेल्या घरातल्या मुलाला या केंद्रीभूत फेऱ्यांनी (कॅप राउंड) दिलेले संरक्षण विसरता कामा नये.

दुसरी बाजू म्हणते की प्रश्नपत्रिका एक असली तरी तयारी एक नसते. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक नमुना सर्वेक्षणात देशातली २७ टक्के शाळकरी मुले खासगी शिकवणी घेताना आढळली, शहरांत ३०.७ टक्के आणि ग्रामीण भागात २५.५ टक्के. हे अंतर फार वाटत नाही. पण उच्च माध्यमिक टप्प्यावर शिकवणीचा वार्षिक खर्च शहरी घरात सरासरी ९,९५० रुपये आणि ग्रामीण घरात ४,५४८ रुपये निघाला. क्लास खेड्यातही आहे, त्याची जात वेगळी आहे. लातूरसारख्या ठिकाणी दोन वर्षे पूर्ण वेळ तयारी करून घेणारी व्यवस्था आणि तालुक्याच्या गावातली संध्याकाळची शिकवणी या एका रकान्यात मोजल्या जातात, पण एका तोलाच्या नाहीत. महाविद्यालयात फक्त नाव आणि शिक्षण क्लासमध्ये, या टायअपच्या पद्धतीला आळा घालण्यासाठी राज्याने २०१८ मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. तरी ती पद्धत संपली नाही. तमिळनाडूत न्या. ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये दाखवले की नीटच्या आधी वैद्यकीय प्रवेशात तमिळ माध्यमातली सुमारे पंधरा टक्के मुले होती आणि नीटनंतर ती दोन-तीन टक्क्यांच्या घरात आली. परीक्षेच्या समर्थकांचे यावरचे उत्तरही ऐकले पाहिजे. बोर्डाच्या गुणांतही ऐपत बोलतेच, आणि घोकंपट्टीचा क्लास सीईटीआधीही होता. ते खरे आहे. यातून एवढेच निघते की प्रत्येक निकष कुठल्या तरी साधनाला झुकते माप देतो, फक्त कोणत्या साधनाला ते बदलते.

तिसरी बाजू निकषात परिस्थितीला जागा द्या म्हणते. जातीवर आधारित आरक्षण आणि २०१९ पासून आर्थिक दुर्बलांचा दहा टक्के वाटा हे याचेच प्रकार आहेत. पण एक सामाजिक स्थान मोजतो, दुसरा उत्पन्न. मूल कोणत्या शाळेतून आले, हे दोन्हींत कुठेच नोंदले जात नाही. ठिकाणाला मान्यता देणारी उदाहरणे आपल्याकडे आहेत. अभियांत्रिकीत गृह विद्यापीठाच्या मुलांसाठी सत्तर टक्के जागा ठेवण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली. आजऱ्यापासून जवळच असलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळी जागा आहे. तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा राखल्या. अमेरिकेत टेक्सासने १९९७ मध्ये प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठांची दारे उघडली.

या बाजूवरचा नेहमीचा आक्षेप गुणवत्तेचा आहे. कमी तयारीची मुले घेतली तर ती टिकणार नाहीत आणि संस्थेचा दर्जा खालावेल. या आक्षेपाची तपासणी झालेली आहे. इंग्लंडच्या उच्च शिक्षण अनुदान मंडळाने २०१४ मध्ये दाखवले की शालान्त गुण सारखे असतील तर सरकारी शाळेतून आलेली मुले पदवीत खासगी शाळांतल्या मुलांपेक्षा सरस ठरतात. टेक्सासच्या योजनेवर ब्लॅक, डेनिंग आणि रॉथस्टीन यांनी केलेल्या अभ्यासात, या योजनेमुळे आत आलेल्या मुलांची पदवी आणि कमाई सुधारलेली दिसली, आणि जागा हुकलेल्यांचे फारसे नुकसान झालेले दिसले नाही. हे निष्कर्ष परदेशातले आहेत. तिथली विद्यापीठे मागे पडलेल्या मुलाला हात द्यायला मनुष्यबळ राखतात, आपली बहुतेक राखत नाहीत. म्हणून ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण साध्या शाळेतल्या मुलाचे ऐंशी टक्के हे सोयीच्या शाळेतल्या ऐंशीपेक्षा अधिक क्षमता सांगत असण्याची शक्यता खरी आहे, हे आता केवळ सहानुभूतीचे बोलणे राहिलेले नाही.

निकषाच्या अलीकडे

आता आजऱ्यातून पाहू. इथे दहावीनंतरचा पहिला निर्णय सायन्स घ्यायचे की नाही, हा असतो. मराठी माध्यमात दहावी झालेल्या मुलासाठी तो भाषेचाही निर्णय असतो, कारण विज्ञान शाखेची पुस्तके आणि शिकवणे इंग्रजीत. सेमी-इंग्रजीच्या वर्गांनी ही दरी थोडी कमी केली. पण सेमीचा वर्ग चालवण्याइतकी मुले आणि शिक्षक मोठ्या गावाच्या शाळेत असतात, वाडीच्या शाळेत नसतात. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळा आहेत आणि डोंगरी तालुके त्यांत स्वाभाविकच येतात. तिथे एकेका शिक्षकाकडे अनेक इयत्ता असतात. विज्ञानाची भीती अशा ठिकाणी पाचवी-सहावीतच मनात बसते आणि दहावीला 'आपल्याला झेपणार नाही' या वाक्यातून बाहेर पडते. ज्या मुलीने अकरावीला विज्ञान घेतलेच नाही, तिच्यासाठी नीट न्याय्य की सीईटी, हा वाद संपलेला असतो.

दुसरा निर्णय अंतराचा. कोल्हापूर आजऱ्यापासून ऐंशीहून अधिक किलोमीटर, गडहिंग्लज वीसेक किलोमीटर. गडहिंग्लज एसटीच्या पासावर होते, कोल्हापूरला खोली, मेस आणि क्लास असा तिहेरी खर्च येतो. त्यामुळे बारावीपर्यंतचा विचार तालुक्यात, पदवीचा विचार आजऱ्यात किंवा गडहिंग्लजला, अभियांत्रिकीचा विचार महागावच्या महाविद्यालयापर्यंत, अशी वर्तुळे आपोआप आखली जातात. जवळचे महाविद्यालय निवडणे ही चूक नव्हे. तालुक्याच्या महाविद्यालयांनी, विशेषतः मुलींसाठी, केलेले काम मोठे आहे. बसच्या वेळेत घरी परत येता येते म्हणूनच अनेक घरांनी मुलींना पुढे शिकवले. प्रश्न उरतो तो इतकाच की जवळचे महाविद्यालय पसंतीने निवडले, की दुसरे काही यादीतच नव्हते.

तिसरी गोष्ट माहितीची आणि कागदपत्रांची. अधिवासाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला यांच्या मुदती चुकल्या की हातातली जागा जाते किंवा फी पूर्ण पडते. कॅपमध्ये पसंतीक्रम कसा लावायचा, यात तर हुशारी लागते. २०२५ पासूनच्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती आपोआप पक्की होते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळाले तरी तसेच. हा नियम जागा अडवून ठेवण्याला आळा घालतो आणि त्यामागचे कारण योग्य आहे. पण ज्याच्या शाळेतून आधी कोणी या वाटेने गेलेले नाही, तो मुलगा गावातल्या ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्याच्या सल्ल्याने यादी लावतो. शहरातल्या मुलाला तीच मदत क्लासचा समुपदेशक, मावसभाऊ आणि शाळेचे माजी विद्यार्थी यांच्याकडून मिळते. शाळेची साधने म्हणताना आपण प्रयोगशाळा आणि संगणक मोजतो. आधी गेलेल्या मुलांची परंपरा हेही साधनच आहे आणि ते कुठल्याच तपासणीत मोजले जात नाही.

या टप्प्यावरचा जगातला पुरावा आजऱ्याला लागू पडेल असा आहे. अमेरिकेत होक्सबी आणि एव्हरी यांनी दाखवले की गरीब घरांतली बहुतेक अतिहुशार मुले नामांकित विद्यापीठांत अर्जच करत नाहीत, आणि अशी मुले मोठ्या शहरांपासून दूर, एकेका शाळेत एकेकटी असतात. मग सुचला तो उपाय माहितीचा होता. सुरुवातीच्या एका प्रयोगात माहितीची स्वस्त पाकिटे पाठवून अर्ज बदलले, पण तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर केल्यावर परिणाम दिसला नाही. मिशिगन विद्यापीठाने वेगळेच करून पाहिले. गरीब घरांतल्या हुशार मुलांना अर्जाआधीच पत्र गेले की प्रवेश मिळाला तर शिक्षणशुल्क लागणार नाही. त्यांतल्या बहुतेकांना ती मदत एरवीही मिळालीच असती. तरीही अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण २६ वरून ६८ टक्क्यांवर गेले आणि तिथे प्रवेश घेणाऱ्यांचे १२ वरून २७ टक्क्यांवर. पैसे तेच होते. खात्री आधी मिळाली, एवढाच फरक पडला.

आपल्याकडे सवलती कमी नाहीत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार योजना अशी यादी मोठी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांत गेल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हे पाऊल मोठे आहे. पण यांपैकी बहुतेक मदत प्रवेशानंतर अर्ज करून, तपासणी होऊन, पुष्कळदा उशिरा हाती येते. सोळाव्या वर्षी सायन्स नाकारणाऱ्या मुलीच्या घरात या मदतीची खात्री पोचलेली नसते. शिवाय फी माफ झाली तरी खोली आणि मेस राहतेच, आणि शाहूंच्या काळापासून खेड्यातल्या घराला अडवणारा खर्च हाच आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, जागा तर रिकाम्या राहतात, मग अडचण कसली? अकरावीच्या राज्यभरच्या प्रक्रियेत जागा अर्जदारांपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या, हे खरे. पण रिकाम्या जागा जिथे मागणी नाही तिथे असतात. आजऱ्याच्या मुलासाठी प्रश्न एखादी जागा मिळण्याचा नसून हव्या त्या शाखेची, परवडणाऱ्या अंतरावरची आणि दर्जाची जागा मिळण्याचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खेड्यातल्या शाळा सगळ्या दुबळ्या नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांनी शिष्यवृत्ती परीक्षेत राज्यात नाव कमावले आहे, तेही शिक्षकांनी जादा तास घेऊन. कागलचे जवाहर नवोदय विद्यालय ग्रामीण मुलांना राहण्या-जेवण्यासह शिक्षण देते. मग दोष शाळेला का? माझ्या मते हा आक्षेप मूळ मुद्द्याला बळच देतो. जिथे शिक्षक, राहण्याची सोय आणि पुढची वाट एकत्र आली, तिथे खेड्यातले मूल मागे पडले नाही. पण शिष्यवृत्ती परीक्षेतली ही मेहनत आठवीच्या पुढे सुटते, आणि नवोदयसारख्या शाळा जिल्ह्यातल्या मोजक्या मुलांपर्यंतच पोचतात.

अनिर्णित काय

शाळेची पार्श्वभूमी मोजायची कशी, यावर एकमत नाही. सरकारी शाळा हा निकष तमिळनाडूत चालला. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी अनुदानित संस्थांकडे आहे, त्यामुळे तो इथे जवळजवळ निरुपयोगी ठरेल. शाळानिहाय वरची टक्केवारी घ्यावी, तर प्रवेशासाठी शाळा बदलण्याचे प्रकार होतील अशी भीती आहे. तालुका हे एकक घ्यावे, तर आजरा शहरातले आणि वाडीतले मूल एकाच मापाने मोजले जाईल. सत्तर-तीसचा वाटा रद्द झाल्यावर कोणत्या जिल्ह्याला काय फरक पडला, याचे शाळानिहाय चित्र सार्वजनिक चर्चेत आलेले नाही. राज्यव्यापी ऑनलाइन अकरावीबद्दलही दोन मते आहेत. पारदर्शकता वाढली असे एक म्हणते. एका गावात एकच कनिष्ठ महाविद्यालय असलेल्या भागात ही केवळ जादा पायरी झाली, असे दुसरे म्हणते.

एक गोष्ट मात्र तपासता येण्याजोगी आहे. २०२५-२६ मध्ये अकरावीला गेलेली तुकडी ही अशी पहिली आहे, जिची दहावीची शाळा आणि अकरावीचे पसंतीक्रम सगळ्या राज्यातून एकाच प्रणालीत नोंदले गेले. तिची बारावी आणि सीईटी २०२७ मध्ये होईल. नावे काढून टाकून या नोंदी एकत्र जोडल्या, तर आजऱ्यातल्या एखाद्या शाळेतली मुले कोणत्या पायरीवर गळतात हे दिसेल. विज्ञान नाकारताना, परीक्षेला न बसताना, कमी पर्याय भरताना, की जागा मिळूनही खर्चापायी सोडून देताना, या चारही ठिकाणी उपाय वेगळा आहे. पहिल्यासाठी पाचवीपासूनचे शिक्षक लागतील, शेवटच्यासाठी गडहिंग्लज-कोल्हापुरात वसतिगृहातली खाट, आणि तिची हमी दहावीच्या निकालाआधी घरी पोचायला हवी.